उमरीपर्यंत पाच वॅट

डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आवाज राहणार नाही. यावर माणूस काय बोलेल? रडेल, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणेल, निदान बायकोकडं बघेल. आमचे हे बसक्या आवाजात म्हणाले, "मग त्याच्या आधी उमरी लागली पाहिजे."

डॉक्टरांना वाटलं, उमरीला कुणी सोयरे असतील, भेटून यायचं असेल. म्हणाले, जाऊन या की, पुढच्या महिन्यातली तारीख देतो. मी काही समजावत बसले नाही. बाहेर आल्यावर मात्र दवाखान्याच्या पायरीवरच माझा तोल गेला. जन्मभर तंबाखूची डबी खिशात वागवली, मी सांगून सांगून बेजार झाले, तेव्हा कान बंद होते, आणि आता यांना उमरी पाहिजे! येणारे-जाणारे बघत होते. बघू दे. हे खाली मान घालून सगळं ऐकून घेत उभे राहिले आणि मग म्हणाले, चल, चहा घेऊ.

उमरी लागणं म्हणजे रेडिओवर लागणं. आम्ही दोघं हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, अक्षरं आणि आकडे मिळून एक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात, त्या नावानं हवेवर बोलायचं. हातात मावणारा सेट, पोलिसांकडं असतो तसला, पाच वॅटचा. न्हाणीघरात लावतो तो छोटा दिवा असतो ना, तेवढीच त्याची ताकद. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, दुनियेचे फोन जोडून दिले, आणि घरी येऊन बघावं तर नवरा गच्चीवर उभा राहून हवेला हाका मारतोय. सुरुवातीला मी लई हसायचे. मग यांनीच डिवचलं, तुला जमणार नाही म्हणून. मी परीक्षेला बसले आणि पहिल्या फटक्यात पास झाले, यांना दोनदा बसावं लागलं होतं, हे आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

उमरीला होते भाऊजी. रक्ताचे नाहीत, यांचे दोस्त. लग्नाआधी हे नांदेडला एका दुकानात कामाला होते आणि टीव्हीचे अँटेने बसवत खेडोपाडी फिरायचे. उमरीच्या जवळच्या एका गावात एका शेतकऱ्याच्या माळवदावर हे पाइप फिरवत होते आणि त्या घरातला यांच्याच वयाचा पोरगा खाली अंगणात उभा राहून ओरडत होता, आलं, आलं, गेलं, अरे थांब की, तिथंच थांब! तेव्हापासूनची दोस्ती. आम्ही बौद्ध, ते जमीनजुमलावाले. त्या दिवशी त्यांच्या आईनं यांना चहा निराळ्या कपात दिला. पोरानं तो कप उचलून स्वतः पिऊन टाकला आणि आपला कप यांच्या हातात दिला. पुढं त्या घरात निराळा कप निघाला नाही.

नंतर हे लातूरला आले, टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओचा नाद यांनीच भाऊजींना लावला. कॉलसाइनला आडनाव नसतं म्हणून मला हे आवडतं, असं हे म्हणायचे. भाऊजी म्हणायचे, गड्या, आडनाव तर मी कवाच गिळलं, चहासोबत.

दोघांचं एक राहून गेलेलं काम होतं. मध्ये टॉवर नाही, दुसऱ्या कुणाचं मशीन नाही, आपल्या हातानं केलेला अँटेना आणि आपले पाच वॅट, एवढ्यावर लातूरकडून थेट भाऊजींच्या शेतात बोलायचं. करू की, घाई काय, असं म्हणत वर्षं गेली. फोन होताच, रोज बोलणं व्हायचं. मी त्या रात्री जेवताना विचारलं, आता कशाला हा खटाटोप, फोनवर काय कमी बोलता का? हे बराच वेळ भाकरी कुस्करत राहिले.

"फोन लावला की कंपनी मला त्याच्याकडं नेऊन सोडते," ते म्हणाले. "एकदा माझ्या पायानं गेलो पाहिजे. नंतर न्यायला आवाजच राहणार न्हाई."

मी उठून वाटीत अजून कालवण वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात अँटेन्याचा कारखाना सुरू झाला. मिस्त्री लोकांचा लोखंडी टेप असतो, मापाचा, पिवळा. त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि पाण्याच्या पाइपवर एकामागं एक बसवायच्या. एक पट्टी पाठीमागं, एक मधली, तिला केबल जोडायची, आणि एक पुढं. मग सगळी ताकद चारी दिशांना उधळण्याऐवजी एकाच दिशेला जाते. टेपची पट्टी घेण्यात अक्कल अशी, की ती वाकते, दुमडून पिशवीत बसते आणि सोडली की ताठ होते. यांनी बाजारातून एक टेप आणला, तो कमी पडला म्हणून माझा नवाकोरा टेपसुद्धा कापला. पडद्यांचं माप घ्यायला आणला होता. मी बोलणार होते, पण काचकागदानं पट्टीवरचा रंग खरवडत ते ज्या इत्मिनानानं बसले होते, ते बघून चहा ठेवायला गेले. कामात असले की दुखणं विसरायचे.

दोन अँटेने झाले. एक आम्हाला, एक भाऊजींना. गल्लीच्या या टोकाला हे आणि त्या टोकाला मी, असं उभं राहून दोन्ही तपासले. झकास. मग भाऊजींचा गोणपाटात गुंडाळून एसटीनं पार्सल केला. भाऊजींनी तो शेतातल्या मोटारीच्या खोलीवर बांबू उभा करून बांधला. फोनवर दोघांच्या सल्लामसलती चालायच्या, दिशा कोणती, बांबू किती उंच, सेट कोणत्या आकड्यावर लावायचा, केबलीचं टोक नीट आवळलं का. एकेक गोष्ट हे दोनदा विचारायचे. काही म्हणून सुटू द्यायचं नाही.

लातुरातून उमरी लागायची नाही, हे यांनाही माहीत होतं. मध्ये केवढा मुलूख. म्हणून अहमदपूरच्या अलीकडचा एक उंच माळ यांनी हेरला. तिथून जमीन गोदावरीकडं उतरत जाते आणि भाऊजींचं शेतही बरडावर, उंचावर. थंडीच्या दिवसांत सकाळी अजून एक गोष्ट साधते. खाली गार हवा बसलेली असते, वरची उबदार, आणि रेडिओची लाट दोन्हींच्या मध्ये दबून लांबवर जाते. ऊन चढलं की तो खेळ संपला. म्हणून आम्ही पहिल्या एसटीनं निघायचो, फाट्यावर उतरायचो, माळ चढायचो. कंडक्टरनं एकदा पिशवीत डोकावून विचारलं, मावशी, मासे धरायला चाललात का? मी म्हटलं, हाव, उमरीचा मासा हाय, गावतोय का बघू.

अँटेना मी धरायचे. यांचे हात लवकर भरून यायचे. हे माझ्यामागं उभे राहून दिशा सांगायचे. सूर्य वर येतो ना, त्याच्या डाव्या अंगाला उमरी. पट्ट्या आडव्या, जमिनीला समांतर, अशा धरायच्या, हे यांनी मला पहिल्या दिवशी हात धरून दाखवलं. अँटेना आडवाच असतो. घराघरावर यांनी तो आडवाच तर चढवला होता, सगळ्या मराठवाड्यानं तो तसाच बघितलेला. यात विचारण्यासारखं होतं तरी काय?

मग हे सेट तोंडाजवळ घेऊन बोलायचे. आधी भाऊजींची कॉलसाइन, मग आपली, आणि "ऐकू येतंय का, उत्तर द्या." आवाज तेव्हाच चिरका झाला होता, वाक्य संपेपर्यंत पुरायचा नाही. बटन सोडलं की नुसती खरखर. पुन्हा बोलायचे. पुन्हा खरखर. मग फोन वाजायचा आणि भाऊजी विचारायचे, बोललास का रे? इकडं काहीच न्हाई. मी बोललो, तुला आलं का? काहीच न्हाई. मीही बोलून बघितलं, एक्सचेंजमधला कमावलेला आवाज माझा, खणखणीत. हवा माझ्या बापाची नोकर थोडीच होती!

आम्ही किती सकाळी गेलो ते मी मोजलं नाही. धुई दाटलेल्या दिवशी गेलो, लख्ख दिवशी गेलो. यांनी अँटेना उसवून पुन्हा केला, केबल बदलली, पट्ट्या बोटभर कमी केल्या, पुन्हा वाढवल्या. बरोबर असलेली वस्तू पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते बिचारे. भाऊजींनी बांबूला बांबू जोडला. माळावर यांचं बोलणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. शेवटी शेवटी कॉलसाइन कशीबशी घोगरी निघायची आणि पुढच्या शब्दांना नुसते ओठ हलायचे. त्या आवाजाला ऐंशी-नव्वद किलोमीटर जायचं होतं आणि मला तो हातभरावरून नीट कळत नव्हता. मी अँटेना धरून पाठमोरी उभी असायचे, ते एक बरं. तोंड दिसायचं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळीही आम्ही गेलो. त्या दिवशी यांनी एकदाच बटन दाबलं. रोजच्यासारखी कॉलसाइन झाली आणि मग ते हळूच म्हणाले, "गड्या, मी बोललो होतो बरं का." पलीकडून काही आलं नाही. यांनी सेट बंद करून माझ्या पिशवीत ठेवला. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले. माझ्या मनात आलं, काय मागितलं होतं या माणसानं? पैसा नाही, आयुष्य नाही. एक हाक मागितली होती. तीही पोचू नये?

ऑपरेशन नीट झालं. नाकातून नळी, गळ्याला भोक, त्यातून श्वास. डॉक्टर म्हणाले, पुढं मागं गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं. यांनी हातानंच सांगितलं, बघू नंतर. भाऊजी भेटायला आले ते हुरड्याची पिशवी घेऊन. माणूस नळीनं जेवतोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कॉटजवळ आले, यांच्याकडं बघितलं आणि पिशवी पाठीमागं लपवायला लागले. मी ती हातातून काढून घेतली, नाहीतर तसेच उभे राहिले असते. मग दोघं हातात हात घेऊन बसले. भाऊजी पिकापाण्याचं बोलत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण बोलणं थांबवलं नाही त्यांनी. रेडिओचा विषय कुणी काढला नाही.

घरी आल्यावर हे अर्धे झाले होते, पण हिंडायला लागले. एका संध्याकाळी बघते तर यांनी अँटेन्याची पिशवी खुंटीवरून काढून दाराशी ठेवलेली. सेट चार्जिंगला लावलेला. मी समजले आणि डोकं फिरलं माझं. त्या माळानं आपली थट्टा केली तेवढी पुरे झाली, म्हटलं. आणि संतापाच्या भरात तोंडून निघून गेलं, "आता काय बोलणार तुम्ही तिथं जाऊन?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मग आधी माझ्याकडं बोट केलं, नंतर कानाला हात लावला. तू बोल, मी ऐकतो. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

थंडी अजून पुरती गेली नव्हती. गेलो आम्ही. भाऊजींना फोन करून सांगितलं, मोटारीच्या खोलीवर जा, मी हाक मारणार आहे. माळावर वारा होता. मी पट्ट्या ताठ केल्या, अँटेना नेहमीसारखा आडवा धरला, सेट यांच्या हातात. कॉलसाइन बोलायची झाली की हे सेट माझ्या तोंडापुढं धरायचे आणि बटन दाबायचे. हाका मारल्या. खरखर. मला माहीतच होतं.

तेवढ्यात यांच्या गळ्याचा मफलर वाऱ्यानं सरकला. भोकावर गार हवा बसू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी अँटेना काखेत मारला आणि दोन्ही हातांनी मफलर गुंडाळायला लागले. आणि यांच्या हातातल्या सेटमधून भाऊजी बोलायला लागले. अगदी शेजारी उभे असल्यासारखे. आधी माझी कॉलसाइन, मग त्यांची, आणि मग, वहिनी, ऐकू येत असलं तर बोला.

मी दचकून अँटेना हातात घेतला, उमरीकडं नीट आडवा धरला. आवाज गेला. पुन्हा काखेत घेतला, आला. पट्ट्या उभ्या झाल्या की येत होता, आडव्या झाल्या की जात होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो आमच्या नशिबी शब्दशः आला होता. मी घाईघाईनं भाऊजींना फोन लावला. तुमच्या पट्ट्या कशा आहेत हो, आडव्या का उभ्या? भाऊजी म्हणाले, उभ्या. आडव्या ठेवल्या की ज्वारीवरचे पोपट त्यांच्यावर बसतात, पट्ट्या वाकतात. म्हणून पहिल्या दिवशीच उभ्या बांधल्या, बसायला जागाच ठेवली नाही. का वो वहिनी, काही चुकलं का?

फोनचा आवाज मोठा होता. यांनी सगळं ऐकलं. एकाचा अँटेना उभा आणि एकाचा आडवा असला तर शंभरातला एखादा हिस्सा पोचतो, बाकी वाया. पुस्तकात आहे. परीक्षेला मी लिहिलंसुद्धा होतं. यांना तर शिकवायची गरजच नव्हती. यांनी माझ्या हातातल्या उभ्या पट्ट्यांकडं बघितलं, बघतच राहिले, आणि मग हळूच एका दगडावर बसले. गावोगावच्या छपरांवर ज्यांनी अँटेने लावले, त्यांचा हात या एकाच कामात चुकला होता. इतके दिवस आवाज होता, तेव्हा चुकला होता. मी त्यांच्याजवळ बसले. आमच्या दोघांत बोलू शकणारी मी एकटी, आणि मलाच शब्द सापडत नव्हता.

भाऊजींना मी फोनवर म्हटलं, चुकलं काही नाही, तुम्ही सेटवर या. मग उभी राहिले, पट्ट्या उभ्या करून अँटेना उमरीकडं धरला आणि यांनी पुढं धरलेल्या सेटवर दोन्ही कॉलसाइन बोलले. भाऊजींनी लगेच उत्तर दिलं. आनंदानं त्यांचा आवाज फाटत होता. मला पुढचं बोलायचं होतं, पण यांनी सेट माझ्यापुढून काढून स्वतःच्या तोंडाशी नेला. आणि बटन दाबलं.

ओठ हलत होते. आवाज नव्हता, गळ्यातून नुसती हवा मफलरमध्ये जात होती. मी म्हणणार होते, अहो, कशाला जिवाला त्रास. म्हटलं नाही. बराच वेळ ते तसे ओठ हलवत राहिले, जन्मभराचं बोलणं असल्यासारखे. मग बटन सोडलं.

या सेटचं असं असतं, की कुणी बटन दाबून गप्प राहिला, तरी ऐकणाऱ्याकडची खरखर बंद होते. शब्द येत नाही, पण कुणीतरी आहे हे कळतं. आणि भाऊजींना हे कळत नाही असं कसं होईल?

"वहिनी न्हाईत ह्या," सेटमधून भाऊजी म्हणाले. "तू हाइस."

यांनी पुन्हा बटन दाबलं. धरून ठेवलं. सोडलं.

"बोल गड्या," भाऊजी म्हणाले, "मी ऐकून राहिलो."

माझा हात भरून आला होता, खांद्यातून कळा येत होत्या. अँटेना मी तसाच उभा धरून ठेवला.